काशीराम धुरींची हरकत

काशीराम धुरींच्या तोंडी दोन शब्द कायमचे मुक्कामाला होते. 'हरकत नाही.' लग्न ठरवायला ते मालवणजवळच्या गावी गेले, तेव्हा मुलीच्या वडिलांनी, माणूस सच्चा असल्यामुळे, चहा यायच्या आधीच सांगून टाकलं होतं, "चेडू आमचा आपल्या मनाचा आसा. कोणाचा आयकणा नाय." काशीराम म्हणाले, "हरकत नाही." पुढे मुलुंड पूर्वेला मिठागरांच्या बाजूची सोसायटी उभी राहिली. काशीरामांना कबूल केला होता तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक, खिडकीतून मिठागरं दिसणारा. चावी मिळाली तळमजल्याची, पंपरूमला लागून. बिल्डरचा माणूस मान खाली घालून उभा होता. त्याची मान वर यावी म्हणून काशीराम म्हणाले, "हरकत नाही." विमा कंपनीत बढतीच्या वेळी त्यांच्या मागचा माणूस पुढे गेला, तेव्हाही ते हेच म्हणाले, आणि वर त्याच्या पार्टीला जाऊन दोन सामोसे खाऊन आले.

यात त्यांना कमीपणा वाटत नसे. समोरचा माणूस अवघडलेला असला की त्याला मोकळं करावं, एवढंच त्यांना कळायचं. जगात सगळेच अडवून धरायला लागले तर वाट द्यायची कोणी, असा त्यांचा हिशेब होता. गोष्ट सांगायची आहे ती या हिशेबाची वाट कशी लागली त्याची.

सोसायटीच्या फाटकासमोर एक मोकळा भूखंड आहे. त्याच्या कडेला बसचा थांबा, थांब्याला एक बाक आणि बाकावर उन्हाच्या वेळी सोसायटीतलं मांजर. एके काळी इथून स्टेशनला दुमजली बस जायची. तिला सगळी वस्ती 'थोरली' म्हणत असे. काशीराम संध्याकाळी थोरलीच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर बसून घरी यायचे. बस वळणावर आली की मिठागरांवरून खारा वारा थेट तोंडावर यायचा आणि दिवसभर साहेबांचं ऐकून घेतलेला माणूस तेवढ्या वळणापुरता राजा व्हायचा. मग खाली थांबा दिसायचा, आणि थांब्यावर लेकाला, नितेशला, कडेवर घेतलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, जानकीबाई. रोज दिसायच्या. एकदा काशीरामांनी विचारलं होतं, कशाला येतेस गं रोज, उन्हं तोंडावर घेत? त्यावर त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या होत्या, "हवा खाऊक." काशीरामांनी ते खरं मानलं. काही बाबतींत ते फार भोळे होते.

यथावकाश थोरली गेली. तिच्या जागी आखूड, थंडगार, आवाज न करणारी छोटी बस आली. वस्तीने तिचं बारसं 'धाकटी' असं केलं. थोरलीत खालून वर धावत जाणारी पोरं आता परदेशात होती, आणि धाकटीत चढणाऱ्यांमध्ये गुडघे न दुखणारा माणूस शोधावा लागे. तिकीट सवलतीचं, फेऱ्या रिकाम्याच जास्त. तोटा पालिका सोसत होती. काशीरामांना वाटे, आयुष्यभर कर भरला, त्यातला थोडा धाकटीच्या रूपाने दारात परत येतो, तर येऊ दे.

पण धाकटीचा खरा उपयोग होता तो जानकीबाईंना. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून रिक्षात चढणं त्यांना जमत नव्हतं, आणि एवढ्या जवळचं भाडं रिक्षावाल्यांना जमत नव्हतं. धाकटीची पायरी मात्र फुटपाथला टेकल्यासारखी खाली असायची. बुधवार, शुक्रवार, रविवार जानकीबाई कापडी पिशवी घेऊन एकट्या धाकटीत बसायच्या आणि स्टेशनजवळच्या मासळीबाजारात जायच्या. एकट्या. सोबतीला येऊ का म्हणून विचारलेलं त्यांना खपत नसे. तिथे त्या माशांचे कल्ले उघडून बघायच्या, कोळणीशी भांडायच्या, तिच्या नातीची चौकशी करायच्या, पुन्हा भांडायच्या आणि तास-दीड तासाने तरतरीत चेहऱ्याने परत यायच्या. ऑपरेशननंतर दोन महिने त्या घरात होत्या तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की काशीराम घाबरून डॉक्टरांना कानाचं औषध विचारून आले होते, स्वतःच्या. आवाज परत आला तो पहिल्या पापलेटांबरोबर.

तर अशा त्या थांब्याच्या खांबावर एका सकाळी एक नोटीस चिकटवलेली आढळली.

नोटीस मराठीत होती, असं म्हणायला जागा आहे. 'उपरोक्त भूखंडावर सार्वजनिक वाहनतळाचे प्रयोजन प्रस्तावित करणे व अनुषंगाने सवलतीच्या दरातील लघुबससेवेचा मार्ग वळविणे' असं तिच्यात लिहिलेलं होतं. चार-पाच मंडळी खांबाभोवती उभी राहून ती आळीपाळीने वाचत होती आणि प्रत्येकाचा वेगळा अर्थ निघत होता. एकाला वाटलं बस फुकट होणार. शेवटी सेबॅस्टियन आले. सेबॅस्टियन हे जवळच्या जुन्या गावठाणातले, काशीरामांचे बाकावरचे सोबती. त्यांच्या बापजाद्यांच्या शेतावर पालिकेने ते शाळेत असताना खेळाच्या मैदानाचं आरक्षण टाकलं होतं. आता ते आजोबा झाले, मैदान अजून व्हायचं होतं. त्यामुळे ही भाषा त्यांना मातृभाषेइतकी येत असे.

"सोप्पं आहे," सेबॅस्टियन म्हणाले. "इथे गाड्या उभ्या राहणार. धाकटी तिकडे नव्या टॉवरवरून जाणार. आपल्याला इथून पंधरा मिनिटं तंगडतोड. एक महिना दिलाय, हरकती नि सूचना द्यायला."

काशीराम घरी गेले आणि त्यांनी ही बातमी शक्य तितक्या हलक्या हाताने जानकीबाईंसमोर ठेवली. जानकीबाई भाकरी थापत होत्या. भाकरी थापून झाली, तव्यावर गेली, फुगली. मग त्या म्हणाल्या, "मगे मासे हाडूक तुमीच जावा." एवढंच. आवाज पुन्हा त्या दोन महिन्यांतला होता.

काशीराम हबकले. एक तर त्या आवाजाने, आणि दुसरं म्हणजे मासे आणण्याच्या कल्पनेने. दर्यावर्दी मुलखात जन्मूनही काशीरामांना माशातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी आयुष्यात प्रथमच ठरवलं, की आपण हरकत घ्यायची.

निर्णय फुटायला वेळ लागला नाही, आणि सोसायटी सल्ला द्यायला धावली. सेक्रेटरींकडे दोन गाड्या होत्या आणि एकीला जागा नव्हती, म्हणून त्यांनी काशीरामांना बाजूला घेऊन विकासाच्या आड न येण्याबद्दल प्रेमाने समजावलं. धाकटीत बसतात सहा म्हातारी माणसं, गाड्या उभ्या राहतील साठ, असं गणित त्यांनी मांडलं. काशीराम हे त्या सहांपैकी एक आहेत, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं आणि मग त्यांनी तब्येतीची चौकशी केली. दुसऱ्या मजल्यावरच्या गंधालीने तर पदरच खोचला. म्हणजे ती जीन्स घालायची, पण आविर्भाव तो. समाजकार्याचा कोर्स केलेल्या या मुलीने दोन तासांत अर्ज तयार करून आणला. वर मोठ्या अक्षरांत 'जाहीर निषेध' आणि खाली भूखंड घशात घालणाऱ्या प्रवृत्तींचा उद्धार. काशीरामांनी तो आदराने वाचला. आपण कोणाच्या घशाबद्दल असं लिहू शकू असं त्यांना वाटेना. त्यांनी गंधालीला चहा पाजला, पोरीचं कौतुक केलं आणि ती गेल्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात दुसरा अर्ज लिहिला. विषय म्हणून लिहिलं : 'छोट्या बसचा थांबा व फेरी आहे तिथेच ठेवण्याबाबत.' खाली, आमच्या सौभाग्यवतींना बाजारात जाण्यास सदर बस सोयीची पडते, तरी मेहेरबान साहेबांनी विचार करावा. वाचून झाल्यावर त्यांना आपला अर्ज फारच जहाल झाला की काय अशी शंका आली.

सेबॅस्टियननी अर्ज पाहिला, उलटून मागची बाजूही पाहिली.

"काशी," शेवटी ते म्हणाले, "हे हरकतपत्र आहे की लग्नपत्रिका? बरं, अर्ज जाऊ दे. सुनावणीला तुला उभं करतील, तेव्हा तोंडाने हरकत घ्यावी लागेल. जमेल?"

काशीराम म्हणाले, "तू येशील ना बरोबर?"

"मी येतो. पण तुझ्या शेजारी बसू देणार नाहीत, मागे बसवतील."

"हरकत नाही," काशीराम म्हणाले.

सेबॅस्टियननी कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून बाकावर तालीम सुरू झाली. नियम असा, की ते दोन शब्द तोंडातून निघाले की काशीरामांनी सेबॅस्टियनना कटिंग पाजायची. चहावाल्याची भरभराट झाली. सेबॅस्टियन मुद्दाम पायावर पाय द्यायचे, पेपरचं पान फाडायचे, ठरल्यापेक्षा उशिरा यायचे. काशीराम प्रत्येक वेळी माफ करायचे आणि पैसे काढायचे. मग काशीरामांनी युक्तीने त्याऐवजी 'चालेल' म्हणायला सुरुवात केली. सेबॅस्टियननी समजावलं की बाबा रे, धाकटी बंद केली तर चालेल का असं साहेबाने विचारलं तर काय करशील? तेव्हा काशीरामांनी 'चालेल'ही सोडलं आणि काही दिवस ते नुसती मान हलवू लागले. तीही उभी.

अर्ज द्यायला दोघे वॉर्ड ऑफिसात गेले. खालच्या खिडकीतून विचारणा झाली, की ही हरकत आहे की सूचना? हरकती दुसऱ्या मजल्यावर, सूचना चौथ्यावर. काशीरामांनी प्रामाणिकपणे विचार केला. वाहनतळ नको ही हरकत होते, पण बस हवी ही सूचना होते. खिडकी म्हणाली, एका माणसाला एकच. मागे रांग वाढली. सूचनेचा एखादवेळी विचार होतो, हरकतीचं उत्तर तरी द्यावं लागतं, असं सेबॅस्टियननी कानात सांगितलं, म्हणून दुसरा मजला ठरला. तिथे प्रियंका मॅडम नावाच्या बाई बसत. टेबलावर फायलींचे दोन गठ्ठे, त्यांच्या मधून बाईंचा चष्मा. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला, 'जाहीर निषेध' कुठे दिसेना म्हणून अर्जदार नक्की रागावलेले आहेत ना याची खात्री करून घेतली, आणि शिक्का मारला. काशीराम जिना उतरताना रेलिंगला न धरता उतरले. हरकत घेतलेल्या माणसाची चाल वेगळीच असते.

सुनावणीच्या दिवशी त्यांनी ठेवणीतला सफारी घातला. विमा कंपनीतून निवृत्त होताना निरोप समारंभाला शिवला होता. तो आता पोटावर जरा नाराज होता. निघताना जानकीबाईंनी हातावर दही ठेवलं. मग दाराशी येऊन उभ्या राहिल्या, आणि काशीराम फाटकाबाहेर जाईपर्यंत तशाच उभ्या होत्या.

सभागृहात हरकतदारांची ही गर्दी. कोणाच्या घरावरून रस्ता जात होता, कोणाच्या रस्त्यावर घर येत होतं. सगळे ओरडत होते. टेबलामागे एक तरुणसे अधिकारी बसले होते आणि सकाळपासून प्रत्येकाचं ऐकून त्यांचा चेहरा पार उतरला होता. त्यांच्या शेजारी प्रियंका मॅडम प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या अर्जावरच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेत होत्या. एका गृहस्थांनी तर अधिकाऱ्यांच्या घराण्याची चौकशी केली. काशीरामांना त्या पोराची दया यायला लागली. नितेशच्या वयाचा असेल, सकाळपासून डबा पण खाल्ला नसेल. मागच्या रांगेतून सेबॅस्टियननी ही दया ओळखली आणि ते जोरात खोकले. पण काशीरामांचं मन एकदा कोणाकडे झुकलं की खोकल्याने सरळ होत नसे.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर नाव पुकारलं गेलं. काशीराम उठले, सफारी खाली ओढला, माइकसमोर उभे राहिले. पहिलं वाक्य पाठ होतं : 'साहेब, माझी हरकत आहे.' त्यांनी श्वास घेतला. तेवढ्यात अधिकाऱ्यांनी मान वर केली, समोरचं पिकलं डोकं पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाले, "काका, तुम्हाला फार ताटकळत ठेवलं. माफ करा हं."

आता, सत्तरीच्या आयुष्यात काशीरामांनी सरकारी टेबलं पुष्कळ पाहिली होती. टेबलाच्या त्या बाजूने माफी आलेली कधी पाहिली नव्हती. त्यांना भरून आलं. तालीम, कटिंग, सेबॅस्टियन, सगळं क्षणात पुसलं गेलं आणि माइकमधून, सभागृहाच्या चारी कोपऱ्यांत, स्वच्छ आणि खणखणीत आवाज घुमला :

"हरकत नाही."

प्रियंका मॅडमनी लिहून घेतलं. अधिकाऱ्यांनी दिवसभरात पहिल्यांदा हसून हात जोडले. "पुढचे," शिपाई म्हणाला. काशीराम म्हणाले, नाही, म्हणजे, मला असं म्हणायचं नव्हतं, आहे, माझी आहे. पण पुढचे गृहस्थ येऊन ओरडायलाही लागले होते. मागे सेबॅस्टियन दोन्ही हातांत तोंड धरून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते, आणि ते हसत होते की रडत होते हे त्यांनी काशीरामांना आजतागायत सांगितलेलं नाही.

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरींनी 'आदरणीय धुरी काकांनी विकासाला दिलेल्या पाठिंब्याबद्दल' आभार टाकले, आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. संध्याकाळी कोणीतरी पेढे पाठवले. गंधाली जिन्यापाशी भेटली आणि मान फिरवून निघून गेली, ते पेढ्यांपेक्षा जास्त लागलं. काशीरामांना कोणी बावळट म्हणालेलं चाललं असतं, पण ते पाठिंबा देणारे ठरले होते. आपण आयुष्यभर लोकांना मोकळं केलं म्हणतो, त्यात आपल्याच माणसाला किती वेळा अडकवलं असेल, हा विचार त्यांच्या मनात आला आणि जाता जाईना.

जानकीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. त्यांनी कापडी पिशवी काशीरामांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, धाकटी आहे तोवर सवय करून घ्या.

काशीराम गेले. कोळणीने त्यांना खूप मान दिला, जावईबापू म्हणाली, आणि बांगडे दिले. काशीरामांनी जानकीबाईंसारखा एकाचा कल्ला उघडून पाहिला, आत काय बघायचं असतं ते ठाऊक नसल्यामुळे गंभीरपणे मान डोलावली आणि मिटला. घरी जानकीबाईंनी पिशवी उघडली. एक बांगडा शेपटीला धरून वर उचलला. "ह्यो बांगडो नाय," त्या म्हणाल्या, "बांगड्याचो आजो आसा." बांगडे बाकावरच्या मांजराला दिले. मांजराने वास घेतला, काशीरामांकडे पाहिलं आणि ते बाकाखाली जाऊन बसलं. पण या सगळ्यात वाईट गोष्ट ही, की जानकीबाई हसल्या नाहीत. एरवी असं काही घडतं तर त्यांनी ते महिनाभर पुरवून पुरवून सांगितलं असतं. त्या खिडकीशी बसून, फाटकाबाहेरून धाकटी निघून जाताना बघत राहिल्या.

तीन आठवडे हे असंच चाललं. शेवटी काशीरामांना ते बघवलं नाही. ते उठले, सफारी न घालता, पायात चप्पल सरकवून तडक वॉर्ड ऑफिसात गेले. दुसऱ्या मजल्यावर प्रियंका मॅडमपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "माझा शेरा चुकलाय. 'हरकत नाही' लिहिलंय, ते खोडा. तिथे 'हरकत आहे' लिहा. मी आज इथून हलणार नाही." एवढं बोलून त्यांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.

प्रियंका मॅडमनी चष्मा पुसला. त्यांनी काशीरामांचा अर्ज कुठे पोचलाय ते कॉम्प्युटरवर काढून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, आणि मग इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला.

"काका, नक्की बदलायचंय? तुमच्या अर्जाचा विषय काय होता आठवतंय? थांबा व फेरी आहे तिथेच ठेवण्याबाबत. सगळ्यांनी विषयात निषेध लिहिला होता, तुम्ही एकट्याने असं लिहिलं. त्याच्याखाली मी शेरा लिहिला, हरकत नाही."

काशीराम म्हणाले, तेच तर.

"अहो, तेच तर," प्रियंका मॅडम म्हणाल्या. "फाइल वर गेली. वरचे साहेब काय वाचणार? थांबा आहे तिथेच ठेवण्याबाबत, हरकत नाही. त्यांना वाटलं खालच्या टेबलाने तपासून दिलंय. त्यांनी लिहिलं, सहमत. त्याच्या वरच्यांनी लिहिलं, वरीलप्रमाणे. सही झाली. बाकीच्या सगळ्या हरकती फेटाळल्या काका. तुमची एकट्याची हरकत नव्हती म्हणून मंजूर झाली. वाहनतळ नव्या टॉवरच्या बाजूला चाललाय."

काशीराम आ वासून बसले. डोक्यावर पंखा फिरत होता. त्यांच्यातला सच्चा माणूस मात्र अजून उभाच होता. ते म्हणाले, पण ही तर चूक आहे, मला तसं म्हणायचं नव्हतं, मला हरकत घ्यायची होती. प्रियंका मॅडमनी शांतपणे सांगितलं, की आता तुम्ही हरकत आहे असं लिहून दिलंत तर त्याचा अर्थ होईल, की बस आहे तिथे राहण्याला तुमची हरकत आहे. मग फाइल सगळी पायरी पायरीने खाली येईल. धाकटी जाईल.

काशीरामांना एका बाजूला आयुष्यातली पहिलीवहिली हरकत दिसत होती, जिच्यासाठी ते पावती न मागता इतका चहा पाजून बसले होते. दुसऱ्या बाजूला खिडकीशी बसलेल्या जानकीबाई.

"मग राहू देऊ तसंच?" प्रियंका मॅडमनी विचारलं.

काशीराम उठले. शर्ट सारखा केला. आणि आजवर जे ते न कळत म्हणत आले होते, ते पहिल्यांदा पूर्ण समजून उमजून म्हणाले.

"हरकत नाही."

सेक्रेटरींनी पेढे परत मागितले नाहीत, एवढा त्यांचा मोठेपणा म्हणायचा. खांबावरची नोटीस निघाली, तिच्या जागी दुसरी लागली. 'पुढील फेरआराखडा होईपर्यंत तूर्त कायम' असं तिच्यात होतं. तूर्त म्हणजे किती, असं काशीरामांनी विचारलं. सेबॅस्टियन म्हणाले, माझं मैदान मी शाळेत असल्यापासून 'तूर्त' व्हायचंच आहे, काळजी करू नकोस, आपल्या दोघांना पुरेल.

शुक्रवारी जानकीबाईंनी स्वतःहून पिशवी खांद्याला लावली. थोरलीच्या काळात लावायच्या तसा गजरा लावला होता. धाकटी येऊन उभी राहिली, पायरी फुटपाथला टेकली, आणि जानकीबाई दांडा धरून चढल्या. काशीरामांना एकदम वाटलं, की आज आपणही जावं. एवढं सगळं केलं, निदान एक फेरी सोबत करावी. ते म्हणाले, "मी येऊ गं?"

जानकीबाई आतून वळल्या. बांगड्याचा आजा त्यांना आठवला असावा, कारण डोळ्यांत हसू होतं. आवाज अख्ख्या धाकटीला ऐकू गेला.

"माका हरकत आसा."

दार मिटलं. धाकटी आवाज न करता मिठागरांच्या वळणाकडे निघून गेली. काशीराम बाकावर बसले. मांजराने त्यांना जागा दिली. ऊन चढत होतं. तासाभराने सेबॅस्टियन दूध घेऊन परत येत होते, तर हे अजून तिथेच, वळणाकडे डोळे लावून.

"काय रे काशी," ते म्हणाले, "उन्हात काय बसलायस?"

"काही नाही," काशीराम दुसरीकडे बघत म्हणाले. "हवा खातोय."